एक तृतीयांश निवडुंग

लोथार गेला तो ऑक्टोबरात, हार्डवेअरच्या दुकानात, बिलाच्या रांगेत. त्याच्या हातात प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा होता. मागे उभ्या असलेल्या माणसाने आधी पत्रा सावरला आणि मग लोथारला, कारण पत्रा जास्त जवळ होता. दुकानाच्या मॅनेजरने त्याच्या बायकोला, इर्महिल्डला, फोनवर सगळं व्यवस्थित सांगितलं, दुःख व्यक्त केलं, आणि फोन ठेवता ठेवता अडखळत विचारलं, "तो पत्रा बाजूला ठेवून देऊ का?"

"ठेवा," इर्महिल्ड म्हणाली.

अंत्यविधी उरकल्यावर ती ट्रामने जाऊन पत्रा घेऊन आली. येताना एका मुलाने उठून तिला जागा दिली. तिथे तिने पत्रा टेकवला आणि स्वतः उभी राहिली. तशीच ती बागेत गेली, खोपटातून स्क्रू काढले आणि निवडुंगांच्या डोक्यावर छप्पर ठोकलं. पावसाचा अंदाज होता. निवडुंगांना थंडी चालते, ओल चालत नाही, हे तिला लोथारने इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते कुणी न सांगताही ऐकू यायचं.

त्यांची बाग जर्मनीतल्या केम्निट्झ शहराच्या कडेला, 'सांजशांती' नावाच्या बागकॉलनीत होती. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला कबरस्तान. नाव असं आणि शेजार असा, त्यामुळे अधूनमधून मयताच्या चौकशीचे फोन मंडळाच्या नंबरवर येतात, आणि अध्यक्षांना समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे जागा भाडेपट्ट्याने मिळते, कायमची नाही. प्रत्येकाला एक प्लॉट, प्लॉटवर एक खोपट, भोवती कमरेएवढं झुडपांचं कुंपण. आत बाकीच्यांचे नवलकोल, स्ट्रॉबेऱ्या आणि शोभेचे चिनीमातीचे बुटके. लोथारच्या प्लॉटमध्ये वाळवंट होतं. पाडलेल्या घरांचा राडारोडा, खडी आणि वाळू आणून त्याने पुरुषभर उंचीचं टेकाड रचलं होतं, आणि त्यावर निवडुंग लावले होते. चपटे, गोल, लांबुडके, अंगठ्याएवढे. हिवाळ्यात त्यांच्या काट्यांवर बर्फ बसलं की लोथार थर्मास घेऊन बाहेर उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघ, किती मजेत आहेत." इर्महिल्डला ते कधीच मजेत वाटले नव्हते. ती खोपटात हीटरपाशी शब्दकोडी सोडवायची. लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं तिने निवडुंगांकडे सौजन्याने पाहिलं होतं, नवऱ्याच्या दूरच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं.

लोक ती रडायची वाट बघत होते. तीसुद्धा बघत होती. ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे आपल्याला काय झालंय ते तिला कामाच्याच भाषेत कळलं. दाढ काढायच्या आधी सुई मारतात. मग गाल आहे हे माहीत असतं, हात लावला तर हाताला लागतो, पण तो आपला गाल वाटत नाही. तसं झालं होतं, फक्त गालाऐवजी सगळंच. दाताच्या डॉक्टरकडे अशा वेळी सांगतात की दोन तास काही चावू नका. इथे कुणी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखी कामावर गेली आणि एका निवृत्त न्यायाधीशाचे खालचे दात घासून चकचकीत केले.

जानेवारीत शेजारच्या प्लॉटची रोझविता बर्फातून धावत आली. रोझविताचे डेलिया कॉलनीत प्रसिद्ध होते, आणि रोझविताचा जीव त्याहून मऊ होता.

"इर्मी, मला सांगवत नाहीये गं. तुझे निवडुंग गेले."

"कुठे?"

"अगं, गेले म्हणजे गेले! सगळे आडवे झालेत. सुरकुतलेत, काळेनिळे पडलेत. लोथारच्या मागोमाग गेले बिचारे. मुकं झाड असलं तरी त्याला कळतं."

"दर हिवाळ्यात तसेच होतात. थंडी पडली की अंगातलं पाणी टाकून देतात. पाणी राहिलं तर आत त्याचं बर्फ होतं आणि फुटतात."

"मग पांघरूण आणू का? माझ्याकडे मेंढीच्या लोकरीचं आहे."

"नको."

"त्या वरच्या मोठ्याला एक टोपी तरी विणते. बघवत नाही मला."

"रोझविता, त्यांना काही म्हणजे काही करायचं नसतं."

रोझविता निवडुंगांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागली. मग तिने पिशवीतून आयरशेके केकचा विटेएवढा तुकडा काढला. "निदान तुला तरी काही करू दे. खा. माझ्यासमोर खा." इर्महिल्डने खाल्ला. गोड होता एवढं तिला कळलं.

मार्चमध्ये फोल्कमार आला. नोव्हेंबरच्या सभेत अध्यक्ष व्हायला कुणीच तयार नव्हतं, आणि नेमका मतदानाच्या वेळी फोल्कमार संडासात होता. तो परत आला तोवर टाळ्यासुद्धा संपत आल्या होत्या. जन्मभर त्याने रेल्वेत वेळापत्रकं केली होती. झालं ते झालं, आता करायचं तर नियमाने करायचं, असं त्याने ठरवलं. त्याच्यामागून त्याचा डॅशहुंड कुत्रा, तोही नियमाने चालणारा.

"कशी आहेस गं, इर्मी? नाही, कॉफी नको. लोथारची फार आठवण येते बघ." मग फोल्कमार उठून उभा राहिला आणि त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "आता मी अध्यक्ष म्हणून बोलतोय. श्रीमती ट्राउटमान, तुमच्या प्लॉटमध्ये भाजीपाला नाही."

हे खरंच होतं. नियम सगळ्या बागकॉलन्यांना सारखाच: प्लॉटच्या एक तृतीयांश भागात खाण्याचं पीक हवं. लोथारने हा नियम कधीच पाळला नव्हता, पण तसे तो बरेच जण पाळत नव्हते, आणि त्यासाठी फिरते नवलकोल होते. तपासणीच्या दिवशी समिती एका टोकाने आत शिरायची, आणि कुंड्यांमधले नवलकोल क्रेटांत बसून, कुंपणावरून हातोहात, समितीच्या एक प्लॉट पुढे चालायचे. समितीला हे ठाऊक होतं, कारण नवलकोल समितीचेच होते. लोथारच्या टेकाडावर ते काट्यांमध्ये घटकाभर बसायचे, समिती "वा, छान" म्हणायची आणि दोघेही पुढे निघायचे.

"पण ते नवलकोल तुझेच असायचे ना, फोल्कमार?"

"तेव्हा मी समितीचा साधा सभासद होतो. अध्यक्ष म्हणून माझा त्या नवलकोलांशी परिचय नाही."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"एक तृतीयांश टेकाड काढायचं. मेमधल्या श्रमदानात सगळे मिळून काढू. तुम्हाला बोटसुद्धा लावावं लागणार नाही, राडारोडा न्यायला कंटेनर मंडळ मागवेल. ते नको असेल तर मात्र भाडेपट्टा संपवावा लागेल." त्याने चेन खाली ओढली. "रागवू नकोस हं, इर्मी. मला झोप लागत नाहीये या निवडुंगांपायी."

इर्महिल्डने खिडकीतून बाहेर पाहिलं. टेकाड म्हणजे काही केक नव्हता, तिसरा हिस्सा कापून द्यायला. एका बाजूची खडी काढली की उरलेली घसरणार, मुळं उघडी पडणार, आणि कंटेनरमध्ये सगळंच जाणार. तिला याचं वाईट वाटायला हवं होतं. ती 'बरं' म्हणायला तोंड उघडणार होती. तोंड म्हणालं, "खातात ते."

"काय?"

"निवडुंग. चपटे असतात त्यांचे फडे खातात. भाजी करून."

"कोण खातं?"

"मेक्सिकोत सगळे."

"श्रीमती ट्राउटमान," चेन पुन्हा वर गेली, "आपण केम्निट्झमध्ये आहोत."

"मी खाते."

 नियमावली फोल्कमारला पाठ होती, आणि ती आता त्याच्या डोळ्यांमागे पानापानाने उलटताना दिसत होती. खाण्याचं पीक म्हणजे कुठलं, ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. एवढंच होतं की ते भाडेकरूने स्वतःच्या गरजेसाठी पिकवलेलं हवं, आणि स्वतः खाल्लेलं. कुत्रासुद्धा विचारात पडल्यासारखा बसला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "श्रमदानानंतरच्या जेवणात आणा. सभेसमोर वाढा, सभेसमोर खा. सभा ठरवेल. कंटेनर मी मागवून ठेवतो. पीक ठरलं तर तो रिकामा परत जाईल." आणि दारातून वळून, चेन खाली करून, "खरंच खातेस तू?"

"रविवारी," इर्महिल्ड म्हणाली. आयुष्यात तिने निवडुंगाला जीभ लावली नव्हती.

एप्रिलमध्ये निवडुंग उठून बसले. सुरकुत्या भरल्या, रंग परत आला, आणि कडांना नवे कोवळे फडे फुटले. इर्महिल्डने त्यातला एक चिमट्याने धरून कापला आणि डब्यात घालून लॅबमध्ये नेला, कारण घरी हत्यारं नव्हती. लांब काटे अगदीच सोपे निघाले. खरी गोम कुसळांची होती. फड्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक कुसळांचा झुबका असतो. ती दिसत नाहीत, पण हाताला लागली की आठवडाभर राहतात, आणि त्यांना उलटे दात असल्यामुळे ओढली की आणखी आत जातात. लोथारने तरुणपणी टेकाडाच्या माथ्यावरचा तो सर्वांत जुना, मोठा निवडुंग, तेव्हा त्याचा एकच फडा होता, चेक सरहद्दीपलीकडच्या एका माळ्याकडून मोज्यात लपवून आणला होता. कस्टमवाल्यांनी विचारलं, लंगडता का? तो म्हणाला, युद्धात. तो जन्मला तेव्हा युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती, पण कस्टमवाल्यांनी हिशेब केला नाही.

इर्महिल्डने जेवणाच्या सुट्टीत मेण वितळवायच्या ज्योतीवर फडा जाळून घेतला, वाफेच्या फवाऱ्याखाली धरला, मग कवळ्या घासायच्या ब्रशावर दोन्ही बाजूंनी फिरवला आणि भिंगातून तपासला. फड्यावर न्यायाधीशाच्या दातांसारखी चकाकी आली. तो तिने चिरून लोणी आणि कांद्यावर परतला आणि खाल्ला. भेंडीला पडसं झालं तर लागेल तसा लागला. आंबट, बुळबुळीत. तिने तो सगळा संपवला, आणि पुढच्या रविवारी आणखी एक, म्हणजे निदान रविवारचं तरी खोटं राहणार नव्हतं.

श्रमदानाचा दिवस उजाडला. कॉलनीच्या फाटकाशी कंटेनर येऊन उभा होता, रिकामा. पुरुष गटारं उपसत होते, बायका मधल्या रस्त्याच्या कडेचं गवत काढत होत्या, आणि सगळ्यांनी कंटेनरपासून बेताचं अंतर ठेवलं होतं. इर्महिल्डच्या वाट्याला टोकाचं गटार आलं होतं. फडे घासून, चिरून, परतून तिने डबा भरून आणला होता, समितीला आणि चवीपुरता इतरांना पुरेल एवढा. तो तिने लांब टेबलाच्या पायाशी सावलीत ठेवला होता. टेबलावर सॉसेज, बटाट्याचं सॅलड, बीअर.

जेवणाची वेळ झाली, आणि फोल्कमारने जन्मात कधी गाडी उशिरा सोडली नव्हती. इर्महिल्ड हात धुऊन येईपर्यंत विषय पुकारला गेला होता. ती टेबलापाशी पोचली तेव्हा तिथे एक प्रचंड काचेचा बाउल होता, कोथिंबिरीने सजवलेला, आणि सगळ्यांच्या ताटल्यांत हिरव्या फोडी पडल्या होत्या.

"बघ ना!" रोझविता लाल होऊन म्हणाली. "एवढ्या लोकांना तुझा तो इवलासा डबा कसा पुरणार? पहाटे उठून केलं. कच्चंच चिरलंय, लिंबू पिळून, म्हणजे त्यातलं सगळं पोटात जाईल. वरच्या त्या मोठ्याचेच कापले, म्हटलं लोथारचा सगळ्यात चांगला तोच होता. काटे एक न् एक उपटलेत हं, सांडशीने!"

"थांबा," इर्महिल्ड म्हणाली.

पण फोल्कमारने जेवणाचा काटा उचलून "सभा सुरू" म्हटलं होतं, आणि 'सांजशांती'ची सभा एकाच वेळी चावली.

 मग खजिनदार हळूच म्हणाला, "हं." त्याच्या बायकोने बीअरचा ग्लास जिभेला लावला आणि किंचाळली. मग सगळेच उठले. कुणी जीभ रुमालाने पुसली, त्याने कुसळं आणखी रुतली. कुणी पाण्याच्या नळाकडे धावलं. एक जण शांतपणे सॉसेजची चटणी जिभेला फासत होता, औषध म्हणून. फोल्कमार मात्र जागेवर उभा होता, ताठ, कारण विषय अजून संपला नव्हता.

"थ्लीमती त्लाउतमान," तो म्हणाला, आणि पुढे बोलवेना.

इर्महिल्डने पिशवीतून भिंग आणि बारीक चिमटा काढला. "बसा. डोकं मागे. कुणी बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही."

दुपारभर ती 'सांजशांती'च्या जिभा साफ करत होती. एक खुर्ची, मागे रांग. तोंडाची तिला सवय होती, फक्त आजवरची तोंडं प्लास्टरची असायची आणि कण्हायची नाहीत. खजिनदाराचा वरचा एक खोटा दातही तिला ओळखीचा निघाला, दोन वर्षांपूर्वी तिनेच बनवलेला. रोझविताची पाळी आली तेव्हा ती हुंदके देत होती आणि त्यामुळे जीभ हलत होती.

"मी लोथालचं झाल कापलं. आनि सगल्यांना—"

"हलू नकोस."

"तू मला ओलल ना! निदान ओलल तली!"

"नंतर ओरडते. जीभ खाली दाब."

पण ओरडायला आत काही सापडत नव्हतं. एका हाताने जीभ धरून तिने टेकाडाकडे पाहिलं. माथ्यावरचा निवडुंग जिथे होता तिथे हाताएवढा खुंट उरला होता, कापलेल्या जागा पांढऱ्या आणि ओल्या. तिने पाहिलं आणि पुढचं कुसळ उपटलं.

सगळ्यांचं झाल्यावर फोल्कमारने टाळी वाजवून लोकांना परत टेबलापाशी बसवलं. सुजलेल्या जिभेमुळे त्याचं बोलणं पीठ मळल्यासारखं येत होतं.

"विषय पहिला चालू आहे. निवडुंग वाढला गेला. निवडुंग सभेने खाल्ला. चवीबद्दल नियमावलीत काही नाही." कुणीतरी कण्हलं. "तेव्हा पीक म्हणून मान्य करायला हरकत नाही. फक्त एक राहिलं. भाडेकरूने स्वतः खाल्लेलं सभेने अजून पाहिलेलं नाही."

"माझा डबा आहे," इर्महिल्ड म्हणाली, आणि खाली वाकली. डबा चाटूनपुसून स्वच्छ होता. शेजारी डॅशहुंड पसरला होता, ओठांना लोणी.

सगळे काचेच्या बाउलकडे बघायला लागले. तळाशी एक फोड उरली होती.

फोल्कमारने जॅकेटच्या चेनला हात घातला, ती खाली ओढली, पार शेवटपर्यंत, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे गं, इर्मी. उद्या घरी नीट करून खा. तू खाल्लंस असं मी धरून चालतो. कंटेनर आत्ता परत पाठवतो." हे बोलताना तो पांढराफटक पडला होता. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच न आलेली गाडी आली असं म्हटलं होतं.

इर्महिल्डने फोड काट्याने उचलली. कडेला लिंबाचा रस, सालीवर ठिपके, ठिपक्यांत ते झुबके, भिंगाशिवायही दिसावेत इतके. मोज्यातून आलेल्या निवडुंगाचा हा फडा. लोथारने त्यावरचं बर्फ दर हिवाळ्यात मोजूनमापून हौसेने पाहिलं होतं आणि तिने खिडकीतून. डब्यातले रविवारचे फडे तिने घासून, जाळून, चकचकीत करून खाल्ले होते. ते कुणाचेच नव्हते.

"नको गं इल्मी," रोझविता म्हणाली.

तिने फोड तोंडात घातली, सभेकडे बघत नीट चावली, आणि गिळली.

आधी काहीच झालं नाही. आंबट लागली. मग जिभेच्या शेंड्याला एक टोचलं, मग कडेला, मग टाळ्याला, मग एकदम सगळीकडे, जसे काही आत दिवे लागत गेले. तिने टेबलाची कड पकडली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कुसळांचं होतं, कुसळं टोचली की येतंच, सगळ्यांनाच आलं होतं दुपारी, त्यामुळे कुणी काही म्हणालं नाही. फक्त तिचं थांबेना. ती खुर्चीवर बसली. आता रांगेत ती एकटीच होती, आणि भिंग धरायला कुणी नव्हतं.

"दे इकडे," रोझविता म्हणाली आणि तिच्या हातातून चिमटा काढून घेतला. तिचा चष्मा घरी राहिला होता. पहिल्या तीन वेळा तिने कुसळाऐवजी जीभच पकडली. "लडू नकोस ना गं, मला दिसत नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

"विषय पहिला संपला. पीक मान्य," फोल्कमार म्हणाला. फाटकापाशी कंटेनरवाल्याने इंजिन सुरू केलं. "दर वर्षी श्रमदानाच्या जेवणात या पिकाचा नमुना ठेवावा, साफसफाई श्रीमती ट्राउटमान स्वतः करतील, दुसरं कुणी नाही. विषय दुसरा, सामाईक संडास. त्याची किल्ली कुणीतरी सांभाळायची आहे. कोण तयार आहे?"

कुणीच हलेना. मागच्या वेळी काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं.

रोझविताला अखेर एक कुसळ सापडलं. ते खूप आत होतं. तिने चिमटा घट्ट धरला आणि ओढला. कळ जिभेच्या मुळातून निघाली ती कानामागून पार मस्तकात गेली, आणि इर्महिल्ड मोठ्याने ओरडली आणि तिचा हात आपोआप वर गेला.

"श्रीमती ट्राउटमान," फोल्कमार म्हणाला. "आभारी आहे."

टाळ्या वाजल्या.